एसी चालू, तरी खोली तापलेलीच

एप्रिल-मे महिन्यांत बारामती तालुक्याच्या जिरायती पट्ट्यात ऊन सकाळपासूनच चटके देऊ लागते. सुपे हे याच पट्ट्यातले मोठे गाव. पर्जन्यछायेचा प्रदेश, भोवताली उघडा गवताळ माळ, दुपारची हवा कोरडी आणि पत्र्याचे छप्पर असेल तर ते तव्यासारखे तापलेले. भाड्याच्या खोलीत भिंत फोडून एसी बसवता येत नाही. अशा वेळी चाकांवर सरकणारा पोर्टेबल एसी सोयीचा वाटतो. पण पुष्कळदा आठवडाभरातच तक्रार सुरू होते: यंत्रासमोर बसले की गार वाटते, खोली मात्र तशीच. मग ‘गॅस संपला असेल’ असा निष्कर्ष निघतो.

बहुतेक वेळा दोष गॅसमध्ये नसतो. एसी थंडी तयार करत नाही, तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. एक टनाचा एसी पूर्ण क्षमतेने चालतो तेव्हा साधारण साडेतीन किलोवॉट उष्णता उचलतो. शिवाय त्याला लागणाऱ्या विजेचीही शेवटी उष्णताच होते. ही सगळी उष्णता घराबाहेर गेली पाहिजे. ती आतच राहिली किंवा दुसऱ्या वाटेने परत आली, तर यंत्र कितीही चांगले असले तरी हरते.

म्हणून पहिली तपासणी सोपी आहे. यंत्राच्या मागे बाहेर गरम हवा सोडणारी जाड नळी आहे का? नसेल, तर ‘मिनी एसी’ म्हणून विकली जाणारी ती वस्तू बहुधा छोटा कूलर किंवा नुसता पंखा असते. तिच्याकडून एसीचे काम होणार नाही.

नळी असेल, तर ती कशी बसवली आहे ते पाहावे. ती खिडकीतून नुसती बाहेर लोंबत असेल आणि भोवती मोकळी फट असेल, तर टाकलेली गरम हवा त्याच फटीतून आत येते. फट थर्माकोल, फोम किंवा प्लायची पट्टी लावून बुजवावी. नळी जितकी आखूड आणि सरळ, तितके चांगले. पुरत नाही म्हणून तिला आणखी पाइप जोडला किंवा ती दोन-तीन ठिकाणी वळवली, तर हवा अडते आणि कंप्रेसर तापतो. चालू असताना नळीला हात लावून पाहावा. ती चांगलीच गरम लागते, म्हणजे खोलीत जणू छोटी शेगडीच ठेवलेली असते. उष्णतारोधक आवरण गुंडाळले की हा त्रास कमी होतो.

यानंतरची अडचण यंत्राच्या रचनेतच आहे. एका नळीचा एसी खोलीतलीच हवा ओढून बाहेर फेकतो. तेवढीच हवा दाराखालून, खिडकीच्या फटींतून, पत्रा आणि भिंतीच्या सांध्यातून आत येते. मे महिन्यात ती बाहेरची, तापलेली हवा असते. दोन नळ्यांच्या एसीत एका नळीने बाहेरची हवा घेऊन दुसरीने ती परत सोडतात, त्यामुळे खोलीतली गार हवा वाया जात नाही. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने २०१६ मध्ये पोर्टेबल एसी मोजण्याची वेगळी पद्धत ठरवली. तिच्यात अशी शिरणारी उष्ण हवा आणि तापलेली नळी यांचा हिशेब धरला जातो, आणि त्याच यंत्राच्या क्षमतेचा आकडा बराच खाली येतो. एका नळीचा एसी घरात असेल, तर उन्हाकडच्या फटी आधी बंद कराव्यात. हवा यायचीच असेल तर ती घराच्या सावलीतल्या, त्यातल्या त्यात गार खोलीकडून येऊ द्यावी.

मग यंत्राकडे वळावे. माळावरची धूळ फिल्टरवर लवकर बसते, म्हणून उन्हाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा तरी फिल्टर साध्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून लावावा. त्यानंतर एक साधी चाचणी करता येते. यंत्र वीस मिनिटे चालू द्यावे. भिंतीवरच्या साध्या तापमापकाने यंत्रात शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या गार हवेचे तापमान मोजावे. फरक आठ ते बारा अंशांचा असेल, तर यंत्र ठीक आहे. दोष फटींत, छपरात किंवा खोलीच्या आकारात शोधावा. फिल्टर स्वच्छ असूनही फरक चार-पाच अंशांच्या पुढे जात नसेल, तर मेकॅनिकला बोलवावे. एसीतला गॅस वापरून संपत नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे. काही यंत्रांतला गॅस ज्वलनशील असतो, म्हणून घरच्या घरी खोलाखोली करू नये.

विजेकडेही लक्ष हवे. दुपारी व्होल्टेज पडले की कंप्रेसर बंद होतो आणि नुसता पंखा फिरत राहतो. वारा येतो, गारवा येत नाही. एसीला स्वतंत्र सोळा अँपिअरचा सॉकेट आणि नीट अर्थिंग असावे. बारीक वायरच्या एक्स्टेंशनवर तो चालवला तर वायर तापते आणि आग लागण्याचा धोका असतो.

खोली अजून गार होत नाही म्हणून अनेक घरांत एसीशेजारी कूलरही लावतात. इथे मात्र दोन्ही यंत्रे एकमेकांविरुद्ध काम करतात. कूलर पाण्याची वाफ करून हवा गार करतो. ही दमट हवा बाहेर जायला खिडकी उघडी लागते. एसीला खोली बंद लागते, आणि कूलरने हवेत घातलेला ओलावा पुन्हा पाणी करून काढण्यातच त्याची बरीच शक्ती खर्च होते. म्हणून एका वेळी एकच यंत्र चालवावे.

सुप्यासारख्या कोरड्या हवेत ते यंत्र कूलर असणेही शहाणपणाचे ठरते. बाहेर ४० अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर चांगला कूलर सुमारे २७ अंशांची हवा देऊ शकतो, तोही एसीच्या मानाने अगदी थोड्या विजेत. जूनमध्ये हवा ३४ अंश आणि आर्द्रता ६५ टक्के झाली, की तोच कूलर जेमतेम ३० अंशांपर्यंत पोहोचतो. तेव्हा कूलर बिघडलेला नसतो, हवा बदललेली असते. एसीचा खरा उपयोग अशा दमट दिवसांत. बोअरचे पाणी जड असेल, तर कूलरच्या पॅडवर क्षारांचे पांढरे थर बसून हवा अडते. पॅड वेळच्या वेळी बदलावेत. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. त्याची अंडी टाकीच्या कडांना चिकटतात आणि कोरडी पडली तरी काही महिने टिकतात. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून, घासून, वाळवावी. त्याआधी प्लग काढायला विसरू नये.

हा सारा खटाटोप केवळ आरामासाठी नाही. वृद्ध, तान्ही बाळे, गर्भवती, हृदयविकार किंवा मधुमेह असलेले यांच्या शरीराला दिवसभर सोसलेल्या उष्णतेतून सावरायला रात्रीचा गारवा लागतो. यंत्राचा आवाज येतो म्हणजे आजी-आजोबांची खोली सुरक्षित आहे, असे घरच्यांना वाटते. पण यंत्रावर दिसणारा १८ हा आकडा पुष्कळदा आपण मागितलेले तापमान असतो, खोलीचे नव्हे. पलंगाजवळ एक स्वस्त तापमापक टांगावा आणि त्यावरच विश्वास ठेवावा. खोली तापलेलीच असेल, तर त्यांना घरातल्या गार भागात हलवावे, अंग ओल्या कापडाने पुसावे, वारा घालावा आणि थोडे थोडे पाणी द्यावे. कुणी असंबद्ध बोलू लागले, झटके आले किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात असू शकतो. अशा वेळी तोंडात पाणी घालू नये. अंगावर पाणी मारून वारा घालत राहावे आणि लगेच १०८ वर फोन करावा.