हिंगण्याच्या पांदणींवरून सायकल

अनोळखी मुलखात सायकल चालवणाऱ्याने रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडाचा माथा बघायला शिकावे. माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्यमार्ग. या दोन्हींवर मालट्रक असणारच. नारिंगी माथा दिसला की समजावे, हा रस्ता कुठल्या तरी गावात जाऊन थांबतो आणि त्या गावाशी काम नसलेले वाहन सहसा इकडे वळत नाही. नागपूरच्या नैर्ऋत्येला, शहरापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर असलेल्या हिंगण्याच्या पलीकडे असे रस्ते भरपूर आहेत. सायकलने निवांत भटकणाऱ्यांना विदर्भात फार लांब जायची गरज नाही, हे त्या रस्त्यांवर एक सकाळ काढली की पटते.

हिंगणा म्हटले की नागपूरकराला आधी एमआयडीसी आठवते. महिंद्राच्या ट्रॅक्टरचा कारखाना इथलाच. डिगडोह, वानाडोंगरी, इसासनी ही गावे आता शहराला चिकटली आहेत. पाळी सुटायच्या वेळी हिंगणा रोडवर कामगारांच्या दुचाक्या, कॉलेजच्या बसगाड्या आणि कंटेनर यांची एकच गर्दी उसळते. या रस्त्यावर सायकल घालणे म्हणजे जीव मुठीत धरणे, आणि त्यात सायकल चालवण्याचा आनंद काहीच नाही. पण हा टप्पा टाळता येतो. नागपूर मेट्रोची ॲक्वा लाइन २०२० च्या जानेवारीत सीताबर्डी ते लोकमान्य नगर सुरू झाली आणि मेट्रोने डब्यात सायकल नेऊ दिली आहे. स्टेशनवर चालू नियम विचारून घ्यावा, पहाटेची पहिली गाडी पकडावी आणि लोकमान्य नगरला उतरावे. वाहतूक सुरू व्हायच्या आत हिंगणा मागे पडते.

पुढे वेणा नदीचा मुलूख लागतो. हीच नदी खाली हिंगणघाटावरून जाऊन वर्धा नदीला मिळते. दख्खनच्या काळ्या कातळाची ही पूर्वेकडची कड. त्यामुळे जमीन सपाटही नाही आणि डोंगराळही नाही. बारीक चढ, लांब उतार, मधे एखादा नाला. गिअर नसलेल्या सायकलनेही निभावते. दोन्ही बाजूंना कापूस, तूर, सोयाबीन, मधे संत्र्याचे बगीचे आणि दिवाळीनंतर हरभरा. मोहगाव-झिल्पीचा तलाव नागपूरच्या सायकलस्वारांच्या आणि पक्षी बघणाऱ्यांच्या चांगल्याच ओळखीचा आहे. वेणेकाठच्या गुमगावला भोसल्यांच्या काळातल्या तटबंदीचे अवशेष आहेत आणि काळ्या दगडात बांधलेले गणपतीचे देऊळ आहे. टाकळघाटचे महत्त्व त्याहून कितीतरी जुने. १९६८-६९ मध्ये नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव यांनी टाकळघाट आणि खापा इथे उत्खनन केले. टाकळघाटला लोखंड वापरणाऱ्या लोकांची वस्ती मिळाली आणि खाप्याला त्यांची दगडी वर्तुळातली दफने, त्यांत घोड्याच्या साजाचे अवशेष. या लांब उतारांवरून माणसे फार पूर्वीपासून ये-जा करत आली आहेत.

इथले रस्ते इतके मोकळे का, याचे उत्तर त्यांच्या रुंदीत आहे. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत डांबरी पट्टा पावणेचार मीटरचा धरला जातो आणि रहदारी फारच कमी असेल तर तीन मीटरचा. हेतू एकच: गावाला बारमाही रस्ता द्यायचा. असा रस्ता दोन शहरे जोडत नाही, त्यामुळे त्याच्यावरून पलीकडे जाणारी वाहतूक निर्माणच होत नाही. दूधवाल्याची मोटरसायकल, शाळेची गाडी, ट्रॅक्टर, एखादी बैलबंडी, बस्स.

आणि त्याच्याही खालच्या पायरीवर आहे पांदण.

पांदण म्हणजे दोन वावरांच्या धुऱ्यांमधून जाणारी बंडीची वाट. पश्चिम महाराष्ट्रात तिला पाणंद म्हणतात. गावनकाशावर ती तुटक रेषांनी दाखवलेली असते. दोन्ही अंगांनी बाभूळ, बोर, निंब, पळस. वर्षानुवर्षे चाके फिरून मधली जमीन खोल गेलेली. यांतल्या कित्येक वाटा एका गावातून दुसऱ्या गावात घेऊन जातात, डांबरी रस्त्याला हातही न लावता. युरोपात ज्याला वाहनमुक्त सायकलमार्ग म्हणतात आणि ज्यासाठी ब्रिस्टल आणि बाथ या शहरांमधल्या बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर स्वतंत्र वाट बांधावी लागली, ती गोष्ट आपल्याकडे प्रत्येक गावाच्या शिवारात आधीपासून आखलेली आहे.

आखलेली आहे, पण मोकळी आहेच असे नाही. दर वर्षी नांगराचे एकेक तास आत सरकत गेले आणि अनेक पांदणी धुऱ्याएवढ्या उरल्या. पावसाळ्यात खत-बियाणे न्यायला वाट नाही, तोडलेली संत्री बाहेर काढायला वाट नाही, हे शेतकऱ्याचे रोजचे दुखणे. म्हणून २०१८ मध्ये राज्याने पालकमंत्री शेत-पांदण रस्ते योजना आणली आणि २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना. वाट अडवली गेली तर जमीन महसूल संहितेचे कलम १४३ आणि १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा यांखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. २०२५ मध्ये शासनाने शेतरस्ता किमान तीन मीटरचा असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत व्हावी, असाही निर्णय घेतला. हे सगळे शेतकऱ्यासाठी आहे आणि तसेच असायला हवे. सायकलस्वार इथे पाहुणा आहे. मात्र मोकळी झालेली प्रत्येक पांदण सायकलच्या वाटेतही भर घालते आणि हा लाभ कुणाचा हिस्सा न घेता मिळतो.

धोका दुसरीकडून आहे. नागपूर पसरते आहे. शेताचे लेआउट पडते तेव्हा पांदण आधी कुंपणाआड जाते आणि मग नकाशापुरती उरते. समृद्धी महामार्गाची सुरुवातही याच तालुक्यात, शिवमडक्याला. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला. त्याच्यावर सायकलला आणि दुचाकीला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. गावरस्ते त्याच्या खालून बोगद्यांतून जातात. एवढ्या मोठ्या कामात खालून वाट ठेवण्याचा विचार झाला, तर लेआउट मंजूर करताना एक पांदण राखणे अवघड का असावे?

राखलेल्या वाटा एकमेकींना जोडायच्या कशा, यासाठी बेल्जियमच्या लिंबर्ग प्रांताचा अनुभव उपयोगी पडेल. तिथल्या कोळशाच्या खाणी एकामागून एक बंद पडल्या, शेवटची १९९२ मध्ये. त्यानंतर ह्युगो बोलेन या खाण अभियंत्याने एक साधी कल्पना मांडली. ग्रामीण वाटा जिथे एकमेकींना मिळतात त्या प्रत्येक चौफुलीला आकडा द्यायचा आणि तिथे पुढच्या आकड्यांचे बाण लावायचे. सायकलस्वाराने घरून निघताना आकड्यांची ओळ कागदावर लिहून घ्यायची. १९९५ मध्ये हे जाळे सुरू झाले, नेदरलँड्सने ते उचलले आणि आज तिथे कुणीही अनोळखी भागात न विचारता दिवसभर फिरू शकतो. रस्ते बहुतेक आधीचेच होते, भर पडली ती मुख्यतः खांब आणि पाट्यांची. हिंगणा तालुक्यात हे एखाद्या वळशापासून करता येईल: लोकमान्य नगर, झिल्पी, वेणेकाठचे गुमगाव आणि परत. ग्रामपंचायतीच्या हद्दीत पाटी उभी राहिली की चहाच्या टपरीला आणि पंक्चरच्या दुकानाला गिऱ्हाईक येते, हे वेगळे सांगायला नको.

नागपुरात हौस कमी नाही. इथल्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्याने पूर्ण केली आणि पुढच्याच वर्षी सैबेरिया ओलांडणारी नऊ हजारांहून अधिक किलोमीटरची शर्यत. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत संपवायच्या ब्रेव्हेही इथे होतात. पण अशा मोहिमांना हमरस्तेच लागतात, घड्याळही लागते. दहा वर्षांची मुलगी आणि साठीचे आजोबा यांना सोबत घेऊन निघायचे तर घड्याळ नसलेलीच वाट हवी, आणि ती शहराच्या इतक्या जवळ असताना तिची नीट नोंदही नसावी, हे मनाला लागते.

जाणाऱ्याने काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पावसाळ्यात पांदणीवर जाऊच नये. काळी माती चाक आणि मडगार्डमध्ये अशी भरते की सायकल उचलून न्यावी लागते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. पळस फुलेपर्यंत चालते, त्यानंतर नागपूरचे ऊन सकाळी नऊलाच माघारी धाडते. पांदणीवर सराटे आणि बाभळीचे काटे असतात, म्हणून जाड टायर, दोन ट्यूब आणि पंप जवळ हवा. गिट्टीच्या खदानीकडे जाणारा रस्ता नारिंगी दगडाचा असला तरी टाळावा, तिथे टिप्पर धावतात. बोरचे व्याघ्र राखीव क्षेत्र फार लांब नाही आणि २०१९ च्या नोव्हेंबरात तर नागपूरला लागून असलेल्या मिहान औद्योगिक परिसरात वाघ फिरला होता. तेव्हा गावरस्ता असो की पांदण, उजाडल्यावरच त्यावर पाऊल ठेवावे. रोही, म्हणजे नीलगाय, मात्र दिवसाढवळ्याही कपाशीतून एकदम आडवा येतो, उतारावर ब्रेकवर बोट असू द्यावे.

कापूस वेचणीच्या दिवसांत पांदणीवर बंडी उभी असेल तर सायकल धुऱ्याला टेकवून थांबावे. पुढची वाट मोकळी आहे की कुणी काट्या टाकून बुजवली आहे, हे त्या बंडीवाल्याइतके अचूक कोणताही मोबाइल सांगत नाही. घरून निघण्यापूर्वी पाहायचेच असेल तर भूमी अभिलेख विभागाच्या महाभूनकाशा या संकेतस्थळावर जिल्हा नागपूर, तालुका हिंगणा निवडून गावाचा नकाशा उघडता येतो.