धाकदपटशा (फौजदारी कायदा)

जिवाच्या भीतीने अपराधाची कृती करणे भाग पडले, या कारणावरून आरोपीने मागितलेल्या दायित्वमुक्तीस धाकदपटशाचा बचाव म्हणतात. यात कृती नाकारली जात नाही. ती स्वेच्छेने केलेली नव्हती, एवढेच प्रतिपादन असते. ते सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो.

भारतीय दंड संहितेच्या (१८६०) ९४ व्या कलमातील ही तरतूद १ जुलै २०२४ रोजी अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३२ व्या कलमात जवळजवळ तशीच आली आहे. तिची व्याप्ती संकुचित आहे. धमकी तत्काळ मृत्यूची आणि तोही खुद्द आरोपीच्याच मृत्यूची असावी लागते. खून व देहान्त शिक्षेस पात्र असे राज्यविरोधी अपराध यांना हा बचाव नाही. माराच्या भीतीने दरोडेखोरांच्या टोळीत सामील झालेल्यास संरक्षण मिळत नाही. मात्र टोळीने पकडून, ठार मारण्याच्या धाकाने आपल्या हत्यारांनी घराचे दार फोडावयास लावलेल्या लोहारास ते मिळते. पोटच्या मुलाला मारण्याची धमकी कलमाच्या शब्दांत बसत नाही. इंग्‍लंडमध्ये गंभीर इजेची व आप्तांना दिलेली धमकीही ग्राह्य धरतात. ते पाहता आपल्या कायद्याची ही कठोरता समर्थनीय वाटत नाही. खुनाच्या बाबतीत मात्र तेथील उमराव सभेनेही १९८७ मध्ये हा बचाव पूर्णतः नाकारला.

नोकरीचा धाक तर या व्याख्येच्या पूर्ण बाहेर राहतो. महसूल आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांच्याविरुद्धच्या १८८८ च्या चौकशीत अनेक मामलेदारांनी, वरिष्ठांच्या दडपणामुळे पैसे दिल्याची कबुली दिली. मुंबई सरकारने त्यांना अभय दिले होते. तरीही लाच दिल्याचा ठपका उरलाच. अखेर १८८९ मध्ये त्यांच्या संरक्षणार्थ स्वतंत्र अधिनियम करावा लागला. लोकमान्य टिळकांनी मामलेदारांची बाजू हिरिरीने मांडली होती.

अपराध नव्हे, तर कबुलीच धाकाने घडविली गेली असेल, तर कायदा अधिक सावध असतो. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब सर्वसाधारणपणे पुराव्यात येत नाही. महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण अधिनियमाने (१९९९) याला अपवाद केला असून अधीक्षकाच्या वा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यापुढील कबुलीजबाब, स्वेच्छेने दिलेला असल्यास, ग्राह्य ठरविला आहे. ही स्वेच्छा तपासण्याचे मोठे स्थान म्हणजे अपील. इंग्‍लंडमध्ये दोषसिद्धी ‘असुरक्षित’ वाटल्यास अपील न्यायालय ती रद्द करते. भारतात उच्च न्यायालय संपूर्ण पुराव्याचे नव्याने मूल्यमापन करू शकते आणि त्याने कायम केल्याखेरीज सत्र न्यायालयाची देहान्त शिक्षा अंमलात येत नाही.

मुंबईच्या उपनगरी गाड्यांत ११ जुलै २००६ रोजी झालेल्या ७ स्फोटांत १८० हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये १२ आरोपींना दोषी ठरवून त्यांपैकी पाच जणांना देहान्त शिक्षा दिली. त्यांतील एक जण २०२१ मध्ये तुरुंगातच मरण पावला. मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी सर्वांना निर्दोष ठरविले. कबुलीजबाब छळ करून घेतल्याचा आरोपींचा दावा त्याने मान्य केला. निरनिराळ्या आरोपींच्या जबाबांतील मजकुराचे साम्यही त्याने लक्षात घेतले. राज्य शासनाने या निर्णयास आव्हान दिले. २४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय अन्य खटल्यांत पूर्वोदाहरण मानू नये, असा आदेश दिला. सुटलेल्यांना मात्र पुन्हा तुरुंगात पाठविले नाही.