डब्यावरचं ‘फुल सिंथेटिक’

कळंबला गाडी सर्व्हिसिंगला लावली की मिस्त्री विचारतो, ‘साधं टाकू की सिंथेटिक?’ भावात चांगलाच फरक असतो, तेव्हा डब्यात काय आहे ते माहीत असलेलं बरं.

इंजिन ऑइलचा मोठा हिस्सा बेस ऑइलचा. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने त्याचे पाच गट पाडलेत. पहिले दोन मिनरल. तिसराही कच्च्या तेलातूनच निघतो. पण हायड्रोजनच्या दाबाखाली तो इतका बदलतो, की १९९९ साली अमेरिकेतल्या जाहिरातविषयक लवादाने त्यालाही सिंथेटिक म्हणायची मुभा दिली. दुकानातले बरेचसे ‘सिंथेटिक’ डबे याच गटातले. (कंपन्या हे ठळक छापत नाहीत, हे वेगळं सांगायला नको.) चौथा गट पीएओ, इथिलीनपासून रेणू जोडून बनवलेला. पाचव्यातले एस्टर धातूला धरून राहतात. पीएओने रबरी सील आक्रसतात, एस्टरने फुगतात. म्हणून अनेकदा दोन्ही एकत्र वापरतात.

पीएओची खरी मिजास कडाक्याच्या थंडीत. उणे तीस अंश आपल्याकडे कुठून येणार? इथे प्रश्न उष्णतेचा. नेरळहून माथेरानचा घाट खालच्या गिअरमध्ये चढणाऱ्या टॅक्सीचं तेल चांगलंच तापतं. तेल २५० अंशांवर तासभर तापवून किती उडालं ते मोजतात, ती नोआक चाचणी. तिथे तिसरा गट पहिल्यापेक्षा बराच सरस ठरतो. रोजच्या वापराला तो पुरे, असं माझं मत.

बाइकचं मात्र वेगळं. बहुतेक बाइकचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो, म्हणून डब्यावर ‘जासो एमए’ पाहूनच घ्या. कारचं तेल ओतलं तर क्लच स्लिप होऊ शकतो.