तीनशे प्रतींचं गणित

गॅरेज पंकच्या नव्या रेकॉर्डींबद्दल लिहायला बसलेला माणूस पहिल्या परिच्छेदातच खरखरीवर घसरतो. आवाज किती फाटलेला आहे, ड्रम पत्र्याच्या डब्यासारखे वाजतात की नाही, गाणाऱ्याला सुराची किती बेपर्वाई आहे, एवढं पाहिलं की रेकॉर्ड अस्सल की नकली याचा निकाल लागतो. मला ही कसोटीच मान्य नाही. खरखर हा परिणाम आहे आणि परिणामाची नक्कल करणं फार सोपं असतं. हल्ली कॅसेटची सुरसुर संगणकावर हवी तेवढी ओतता येते. वाजवणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये किती हात आहेत, हा या संगीतातला खरा प्रश्न आहे. गाणं कुणी लिहिलं याबरोबरच ते कुणी ध्वनिमुद्रित केलं, पैसे कुणी घातले, वेष्टन कुणी चिकटवलं आणि पार्सल कुणी पोस्टात टाकलं, हेही इथे विचारावं लागतं. आपला हात जगन्नाथ या तत्त्वाने निघालेली रेकॉर्ड कधी खरखरते, कधी अजिबात खरखरत नाही. 2022 ते 2024 मधल्या रेकॉर्डी या मापाने मोजल्या तर पुरस्कारांच्या आणि वार्षिक याद्यांच्या चित्राहून वेगळंच चित्र दिसतं.

टॅकोमाचे सॉनिक्स, 1972 चा ‘नगेट्स’ हा संग्रह, न्यूयॉर्क आणि लंडन हे सगळं वाचकाला ठाऊक आहे असं धरून चालतो. 2001 च्या सुमारास मोठ्या कंपन्यांनी गॅरेज रॉकचं जे पुनरुज्जीवन घडवून आणलं, त्यावर शाई खर्च करावी असं त्यात काही नाही. मला थांबायचंय ते ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनला. तेव्हा क्वीन्सलँड प्रांतावर मुख्यमंत्री ब्येल्के-पीटरसन यांचं राज्य, तरुणांच्या प्रत्येक जमावावर पोलिसांची नजर, आणि संगीताच्या बाजारपेठांपासून हे शहर कोसो दूर. तिथल्या सेंट्सनी राहत्या घरालाच क्लब केला आणि 1976 च्या सप्टेंबरात ‘स्ट्रँडेड’ ही सात इंची तबकडी ‘फेटल रेकॉर्ड्स’ या स्वतःच्याच लेबलवर काढली. प्रती 500. इंग्लंडची पहिली पंक तबकडी म्हणून मिरवणारी डॅम्डची ‘न्यू रोज’ त्यानंतर, ऑक्टोबरात आली. सेंट्सच्या प्रती टपालाने लंडनला पोचल्या, तिथल्या एका साप्ताहिकाने डोक्यावर घेतल्या, आणि मग लंडनच्या ईएमआयने आपल्याच ऑस्ट्रेलियन कचेरीला या मुलांना शोधून करारबद्ध करायला सांगितलं. पंकचा इतिहास अजूनही दोन शहरांपुरता सांगणाऱ्यांनी हा तारखांचा क्रम एकदा नीट वाचावा.

पुढच्या जानेवारीत मँचेस्टरच्या बझकॉक्सनी उसन्या पैशांवर ‘स्पायरल स्क्रॅच’ काढली आणि कोणतं गाणं कितव्या प्रयत्नात साधलं हे वेष्टनावर छापलं. 1978 मध्ये स्क्रिटी पोलिटीने तर वेष्टनावर सगळा खर्चच मांडला: स्टुडिओ, मास्टरिंग, प्रेसिंग, लेबलं. मराठी वाचकाला यात परकं वाटण्यासारखं काही नाही. ‘स्ट्रँडेड’ निघाली त्याच 1976 साली ‘जेजुरी’ कवींनीच चालवलेल्या ‘क्लिअरिंग हाउस’ने छापली आणि पुढच्या वर्षी ‘अरुण कोलटकरच्या कविता’ अशोक शहाण्यांच्या ‘प्रास’ने. लघुनियतकालिकांच्या मंडळींना आवृत्ती लहान असण्याची लाज कधी वाटली नाही. सात इंची तबकडीलाही ती वाटत नाही.

ब्रिस्बेनचा धागा पुढे मेलबर्नमध्ये सापडतो, आणि इथे मी पक्षपाती आहे हे आधीच सांगून टाकतो. एडी करंट सप्रेशन रिंग हा बँड 2003 मध्ये जन्मला तो कॉर्डुरॉय या रेकॉर्डी छापण्याच्या कारखान्यातल्या नाताळच्या मेजवानीत. गाणी करणारे आणि तबकड्या दाबणारे एकाच छपराखाली, याहून कमी हात कुठे असणार? त्यांच्या ‘प्रायमरी कलर्स’ला 2008 चं ऑस्ट्रेलियन म्युझिक प्राइझ मिळालं, पण पुरस्काराहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्यांचा गिटारवादक मायकी यंग. त्याने आपल्या बँडचं ध्वनिमुद्रण केलंच, शिवाय मास्टरिंगचं काम हातात घेऊन जगभरच्या शेकडो छोट्या बँडांच्या रेकॉर्डी तयार करून दिल्या. मास्टरिंग म्हणजे तबकडी दाबण्याआधी आवाजावर फिरवलेला शेवटचा हात. तो हात बड्या स्टुडिओतून निघून एका वाजवणाऱ्याच्या घरी आला, त्यामुळे खर्च उतरला आणि गाणं समजणारा कान शेवटपर्यंत टिकला. मेलबर्नचे बँड इतके स्वच्छ, कोरडे आणि तरीही धारदार का वाजतात, याचं उत्तर तिथल्या ‘वातावरणा’त शोधणाऱ्यांनी थोडं वेष्टनाच्या मागच्या बाजूला पाहावं.

आता नवं. सिडनीच्या जी टीची ‘गुडनाइट निअँडरथल’ (2022) खेळण्यातल्यासारखा कीबोर्ड आणि तुफान गिटार यांची आहे; वरवर बाष्कळ, पण प्रत्येक गाण्यात एक चाल अशी की ती दिवसभर पिच्छा सोडत नाही. त्याच शहरातल्या इश्का एडमीड्सने टी व्ही रिपेअरमन या नावाने ‘व्हॉट्स ऑन टीव्ही?’ (2023) काढली. हाच गृहस्थ आधीपासून वॉर्टमन हे कॅसेटींचं लेबलही चालवतो, म्हणजे कारागीर आणि दुकानदार एकच. आर. एम. एफ. सी.च्या ‘क्लब हिट्स’वर (2023) बझ क्लॅटवर्दीने जवळजवळ सगळी वाद्यं एकट्याने वाजवली आहेत. गिटारींचे ताणेबाणे इतके घट्ट विणलेत की हे एका माणसाचं काम वाटत नाही. मेंफिसच्या जे रीटार्डने 2006 मध्ये ‘ब्लड व्हिजन्स’वर एकहाती कामाची जी वाट पाडली, ती इथे जास्त शांत आणि जास्त विचारी होऊन पुढे गेलेली दिसते. मेलबर्नच्या स्प्लिट सिस्टमची ‘व्हॉल्यूम 2’ (2024) सरळसोट आहे, वाईट नाही, एवढंच. मिनियापोलिसच्या युरेनियम क्लबची त्याच वर्षीची रेकॉर्ड हुशार आहे, आणि तिला आपल्या हुशारीची जाणीव जरा जास्तच आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: साठ वर्षं तेच तीन स्वरमेळ, यात नवं काय? ओवीचा साचा जुना म्हणून जात्यावरची प्रत्येक ओवी शिळी ठरत नाही. शिवाय हा आक्षेप वस्तुस्थितीलाही धरून नाही. वायव्य इंडियानाच्या कोनहेड्सनी 2015 च्या आसपास कोरडी, चिमटीत पकडल्यासारखी गिटार, पळता ताल आणि चिरका आवाज यांतून एक वेगळाच घाट काढला. त्याला पुढे गमतीने ‘एग पंक’ हे नाव पडलं. बार्सिलोनाच्या प्रिझन अफेअरच्या छोट्या डेमोंपर्यंत तो पसरला. हे कानावर पडलेला माणूस 1965 चं नाव घेणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. लहान राहण्याचं कौतुक म्हणजे दुसऱ्याच्या गरिबीचं कौतुक, वाजवणाऱ्यांनी पोट कशावर भरायचं? अ‍ॅमिल अँड द स्निफर्सचं उदाहरण हटकून दिलं जातं. 2016 मधली त्यांची पहिली ‘गिडी अप’ लिहून, ध्वनिमुद्रित होऊन बारा तासांत बाहेर पडली होती. 2024 ची ‘कार्टून डार्कनेस’ लॉस एंजेलिसमधल्या फू फायटर्सच्या स्टुडिओत झाली. ती उत्तम रॉक रेकॉर्ड आहे आणि त्यांच्या यशाबद्दल मला कणभरही असूया नाही. माझं म्हणणं इतकंच की तिला या आढाव्यात घुसवू नका. नॅशव्हिलच्या स्नूपरचं प्रकरण अधिक बोलकं आहे. घरी केलेली त्यांची बरीचशी गाणी ‘सुपर स्नूपर’साठी (2023) नव्याने ध्वनिमुद्रित झाली आणि ती रेकॉर्ड जॅक व्हाइटच्या थर्ड मॅन या लेबलने काढली. वेग वाढला, आवाज भरला, आणि घरच्या आवृत्त्यांतला तो लगद्याच्या बाहुल्यांसारखा ओबडधोबड खट्याळपणा मात्र थोडा इस्त्री करून आला. मधली वाट आहेच: कॅन्ससच्या स्वीपिंग प्रॉमिसेसनी ‘गुड लिव्हिंग इज कमिंग फॉर यू’ (2023) आपल्याच घरच्या स्टुडिओत केली आणि अमेरिकेबाहेरच्या वितरणापुरती सब पॉपची मदत घेतली. पोट भरण्यासाठी ध्वनिमुद्रणाची सूत्रं सोडावी लागतातच असं नाही.

तिसरा आक्षेप तरुणांचा: इंटरनेटने मधले सगळे हात काढून टाकले, आता प्रत्येक जण आपापला जगन्नाथ. हिशेब करून पाहू. 2024 पासून स्पॉटिफायवर बारा महिन्यांत 1,000 वेळा न ऐकलेल्या गाण्याला काहीच मिळत नाही. समजा, एका बँडचे 300 सच्चे चाहते आहेत आणि प्रत्येकाने एक गाणं वर्षात तीनदा ऐकलं. झाले 900, मोबदला शून्य. तेच 300 जण सात इंची तबकडी विकत घेतात तेव्हा तिचा खर्च सुटतो आणि पुढच्या तबकडीला हातभार लागतो. म्हणजे मधला हात गेला कुठेच नाही, फक्त दिसेनासा झाला. बँडकॅम्पने हे गणित बरंच सावरलं होतं, पण 2022 आणि 2023 अशा दोन वर्षांत त्याची मालकी दोनदा बदलली आणि दुसऱ्या खेपेला जवळजवळ निम्मे कर्मचारी घरी गेले. तबकडीचं म्हणाल तर 2020 च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातला अपोलो मास्टर्स हा कारखाना जळाला. तबकडीचा साचा ज्या लॅकरवर कोरतात ते लॅकर बनवणारे जगात दोनच कारखाने होते, त्यांतला हा एक. पुढची दोन वर्षं बड्या कलाकारांच्या लाखांच्या मागण्या रांगेत पुढे आणि 300 प्रतीवाले मागे. आणि 500 प्रतींपासून सुरुवात केलेल्या सेंट्सच्या पहिल्या एलपीचा 2024 मध्ये चार तबकड्यांचा भारदस्त संच निघाला. संग्रहालयात ठेवायला छान आहे.

मधल्या हाताची किंमत मुंबईनेही मोजली आहे. सिगारेट कंपनीने पुरस्कृत केलेल्या ‘सिमला बीट’ स्पर्धेच्या 1970 आणि 1971 च्या दोन एलपींवर मुंबईचा व्हेलवेट फॉग आहे, मद्रास आणि शिलाँगचे बँड आहेत, आणि त्यांतला गॅरेजचा कस जगभरचे संग्राहक आज मान्य करतात. पण तबकडी कंपनीची होती. स्पर्धा बंद पडली, तबकड्याही थांबल्या.

कुठून सुरुवात करू, असं कुणी विचारलं तर ‘व्हॉट्स ऑन टीव्ही?’ घ्या. टपालखर्च तबकडीहून जड जाईल, तेव्हा डाउनलोड विकत घेतलंत तरी चालेल. पण विकत घ्या. अर्ध्या तासाच्या आत संपते, त्यामुळे वेळ नव्हता ही सबब ऐकून घेतली जाणार नाही.