तांब्याच्या तारेवरचा मोडेम

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला वाशिम जिल्हा डायल-अपच्या काळातला. फोन लागला की इंटरनेट बंद, हा तेव्हाचा नियम. बीएसएनएलने २००५ मध्ये ‘डेटावन’ ही एडीएसएल सेवा आणली आणि त्याच तारेवर दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू लागल्या.

कसे? आवाजाला ४ किलोहर्ट्झपर्यंतचा पट्टा पुरतो. एडीएसएल २५ किलोहर्ट्झच्या वर, सुमारे १,१०४ पर्यंत चालते. स्प्लिटर दोन्ही वेगळे ठेवतो. तो नसेल तर फोनमध्ये खरखर येते.

जोडणी करताना ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडायचे. बीएसएनएलसाठी सहसा व्हीपीआय ०, व्हीसीआय ३५ आणि पीपीपीओई निवडून युजरनेम-पासवर्ड भरायचा. डीएसएलचा दिवा लुकलुकत असेल तर मोडेम एक्स्चेंजला शोधतोय. स्थिर झाला की लाइन जुळली.

एक्स्चेंजपासूनचे अंतर वाढले की सिग्नल क्षीण होतो आणि वेग घटतो. म्हणून दूरच्या वस्तीत मोडेम बदलून फारसा फरक पडत नाही. पावसाळ्यात लाइन वारंवार तुटत असेल, तर सेटिंगला हात लावण्याआधी तारेचे जोड तपासून घ्या.