विश्लेषण : बोअरचे पाणी की नळाचे? केडगावच्या घरात पिण्यासाठी कोणते?

नगर-पुणे रस्त्यालगतच्या केडगावात अनेक घरांत पाण्याच्या दोन वाटा आहेत. एक महापालिकेच्या नळाची, दुसरी अंगणातल्या बोअरची किंवा जुन्या विहिरीची. नळाला पाणी येण्याचा दिवस चुकला की बोअरची मोटर सुरू होते आणि दोन्ही पाणी गच्चीवरच्या एकाच टाकीत जाते. ‘नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो, आमच्या विहिरीचे पाणी गोड आहे,’ असेही सांगितले जाते. पण गोड पाणी सुरक्षित असतेच का?

दोन्ही पाण्यांत मूळ फरक काय?

अहिल्यानगर शहराला मुळा धरणातून पाणी मिळते. मुळानगर येथून उपसलेले पाणी विळदमार्गे शहरात येते. धरणाचे पाणी मुख्यतः पावसाचे, त्यामुळे त्यात क्षार तुलनेने कमी असतात. शुद्धीकरणात तुरटीने गाळ बसवला जातो, मग वाळूच्या थरातून पाणी गाळून क्लोरीन दिले जाते.

बोअरचे पाणी काळ्या पाषाणाच्या भेगांतून झिरपत येते. खडकातील कॅल्शियम, मॅग्नेशियम त्यात विरघळतात आणि पाणी जड होते. उन्हाळ्यात पातळी खाली गेली की ते अधिक मचूळ लागते. या पाण्यावर कोणतीही प्रक्रिया झालेली नसते. शोषखड्डा, गोठा किंवा गळकी गटार जवळ असेल, तर तेथील घाणही त्याच भेगांतून उतरू शकते.

प्रमाण काय सांगते?

पिण्याच्या पाण्यासाठी देशात ‘आयएस १०५००’ हे मानक आहे. त्यातील महत्त्वाचे आकडे असे (प्रति लिटर) :

• विरघळलेले एकूण क्षार (टीडीएस) : ५०० मिलिग्रॅमपर्यंत. दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत.
• जडपणा : २०० मिलिग्रॅमपर्यंत. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत.
• नायट्रेट : ४५ मिलिग्रॅम. यात सवलत नाही.
• फ्लोराइड : १ मिलिग्रॅम. दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत.
• ई-कोलाय जिवाणू : १०० मिलिलिटर पाण्यात एकही नको.

जडपणा ६०० असेल, तर २० लिटरच्या एका बादलीत सुमारे १२ ग्रॅम चुना असल्यासारखे होते. गिझरच्या कॉइलवर आणि नळाच्या जाळीवर बसणारा पांढरा थर तो हाच.

घरच्या घरी तुलना कशी करावी?

फेस पाहा : दोन सारख्या बाटल्यांत दोन्ही पाणी समान घ्या, साबणाचा सारखाच चुरा टाकून हलवा. ज्यात फेस कमी आणि चोथा जास्त, ते पाणी जड. डाळ लवकर न शिजणे हीही त्याचीच खूण.

टीडीएस मीटर : पेनासारखा हा मीटर क्षारांचा अंदाज देतो. जंतू, नायट्रेट किंवा फ्लोराइड तो ओळखत नाही. ३०० आकडा दाखवणारे पाणीही दूषित असू शकते.

ओटी टेस्ट : ग्रामपंचायतीत टीसीएल पावडर टाकल्यावर करतात तीच ही चाचणी. थेंब टाकल्यावर पाणी पिवळे झाले, तर क्लोरीन शिल्लक आहे. नळाच्या टोकाला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन हवे. चाचणीचे पाणी ओतून द्या, पिऊ नका.

जंतूंची कुपी : कुपीत पाणी भरून २४ ते ४८ तास उबदार जागी ठेवतात. पाणी काळे पडले, तर ते पिण्यास अयोग्य.

खरा धोका कोणता?

जंतू आणि नायट्रेट. दोन्हींना रंग, वास, चव नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालानुसार महाराष्ट्रातील एक तृतीयांशाहून अधिक भूजल नमुन्यांत नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त आढळले. शेतातील युरिया आणि सांडपाणी ही त्याची मुख्य कारणे. बाटलीचे दूध पिणाऱ्या सहा महिन्यांखालील बाळाला असे पाणी गेले, तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते आणि अंग निळसर पडते. पाणी उकळून नायट्रेट जात नाही. उलट वाफ गेल्याने त्याचे प्रमाण थोडे वाढते.

जंतूंबाबत पुण्याचे उदाहरण ताजे आहे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गुलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हा नांदेड गावातील विहिरीच्या पाण्याकडे संशयाने पाहिले गेले. काही रुग्णांच्या नमुन्यांत दूषित अन्न-पाण्यातून पसरणारा कॅम्पिलोबॅक्टर जिवाणू आढळला.

मग नळाचे पाणी निर्धोक?

शुद्धीकरण केंद्रातून निघताना बहुधा होय, पण घरापर्यंत येताना नेहमीच नाही. पाणी बंद असताना वाहिनीत दाब नसतो. अशा वेळी गळतीतून गटाराचे पाणी आत शिरते. नळाला थेट मोटर लावली की ही ओढ वाढते. म्हणून सुरुवातीचे गढूळ पाणी पिण्यासाठी भरू नये.

दुसरी चूक आपल्या टाकीत होते. नळाच्या पाण्यातले क्लोरीन साठवणुकीत उडून जाते. त्यात बोअरचे पाणी मिसळले की उरलेले क्लोरीन त्यातली घाण मारण्यातच संपते. दोन पाणी एकत्र केल्याने नळाचे पाणी आपले संरक्षण गमावते.

काय करावे?

• पिण्याचे आणि वापरायचे पाणी वेगळ्या टाक्यांत ठेवा.
• पिण्याचे पाणी खळखळ उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळू द्या.
• विहिरीत दर हजार लिटरला साधारण २.५ ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर पुरते. १० फूट व्यासाच्या विहिरीत साडेसहा फूट पाणी असेल, तर ते सुमारे १४ हजार लिटर भरते, म्हणजे ३५ ग्रॅम. तासाभराने ओटी टेस्ट करा.
• टीडीएस ५०० च्या आत असेल, तर आरओची घाई नको. अशा ठिकाणी आरओवर बंदी घालण्यास राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये सांगितले होते. आरओ बरेच पाणी वाया घालवतो.
• घरात तान्हे बाळ असेल, तर बोअरच्या पाण्याची नायट्रेट तपासणी आधी करून घ्या.
• वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर, नमुना शासकीय प्रयोगशाळेत द्या. जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली लागते, ती तेथूनच घ्या.

थोडक्यात, धुण्या-भांड्यांना आणि झाडांना बोअर, पिण्याला व स्वयंपाकाला नळ, ही वाटणी बहुतेक घरांना परवडणारी आहे. बोअरचेच प्यायचे असेल, तर जिभेवर नको, तपासणीच्या कागदावर विश्वास ठेवावा.