केमोच्या आधीचे दोन आठवडे
विरार लोकलने परळच्या टाटाला जाणारी तिशीतली मुलगी आधी विचारते, ‘मी वाचेन ना?’ पुढे मूल होईल का, हे विचारायचं राहूनच जातं. म्हणून आम्ही सांगतो, केमोच्या आधीच विचारा. सायक्लोफॉस्फामाइडसारख्या औषधांनी स्त्रीबीजांचा साठा घटतो, तो पुन्हा भरत नाही. बीजं गोठवायला साधारण २ आठवडे लागतात. पाळीची वाट बघावी लागत नाही. इस्ट्रोजेन फार वाढू नये म्हणून सोबत लेट्रोझोल देतात. लग्न झालेलं नसलं तरी चालतं. (हा प्रश्न बहुधा आईच काढते!) २०२१च्या कायद्याप्रमाणे बीजं १० वर्षांपर्यंत ठेवता येतात. आणि हार्मोनच्या गोळ्या? दीड-दोन वर्षं घेतल्यावर बाळासाठी त्या २ वर्षांपर्यंत थांबवल्या, तर पहिल्या काही वर्षांत तरी आजार उलटण्याचं प्रमाण वाढलं नाही, असं २०२३च्या ‘पॉझिटिव्ह’ अभ्यासात दिसलं. पण गोळी मनाने बंद करू नका.